जपानी धाटणीचं रेस्टॉरंट करताय? मग कंदील शेवटी घ्या

पहिलंच रेस्टॉरंट हातात आलंय आणि मालक म्हणतोय "जपानी लूक पाहिजे", असं कोणी नवीन डिझायनरने सांगितलं की मी आधी विचारते, सामानाची यादी केलीस का? बहुतेकांनी केलेली असते. लाल कंदील बारा, बांबू शंभर, चेरी ब्लॉसमचं प्लास्टिकचं झाड एक, भिंतीवर जपानी चित्रातली ती मोठी लाट. ती यादी आत्ता बाजूला ठेवा. जपानी खोलीत शिरल्यावर जो निवांतपणा वाटतो ना, तो उजेड कुठून येतोय, आपण किती उंचीवर बसलोय आणि नजर कुठे जाऊन टेकते यातून येतो, आणि हे तिन्ही जमलं तर वस्तू दोन-तीन पुरतात, नाही जमलं तर कितीही कंदील टांगा, ते थीम पार्टीचं मंडप वाटतं.

मी पुण्यात हे काम करते, जपानच्या जुन्या राजधानीत, क्योतोत, मनसोक्त फिरून टेपने मापं घेतलीयेत, आणि इथल्या पावसाने मला काही गोष्टी चांगल्याच शिकवल्यात. तर जसं मी नवीन मुलांना शिकवते तसंच क्रमाने लिहितेय.

१. आधी ठरवा, कुठलं जपान?

"जपानी रेस्टॉरंट" असा एकच प्रकार जपानमधे नसतो. रामेनचं (सूपमधल्या नूडल्सचं) दुकान वेगळं, सोबाचं (कुट्टूच्या पिठाच्या नूडल्सचं) वेगळं, सुशीचा काउंटर वेगळा, इझाकाया वेगळा. रामेन खाणारा माणूस पंधरा-वीस मिनिटांत उठतो, त्याला काउंटर, स्टूल आणि बॅग टांगायला हुक एवढं बास. इझाकाया म्हणजे ऑफिस सुटल्यावर चार जणांनी बसून थोडं प्यायचं, थोडं थोडं मागवत खायचं, तिथे गलका असतो, भिंतीवर हाताने लिहिलेल्या मेनूच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि दारात लाल कंदील असतो, तो तिथला आहे, तिथेच शोभतो. सुशी काउंटरला आठ-दहा खुर्च्या आणि समोर शेफचे हात, बाकी सगळं पार्श्वभूमीला. कैसेकी जेवण तर वेगळ्या खोल्यांमधे, एकेक पदार्थ येत राहतो आणि दोन-अडीच तास जातात. म्हणून मालकाकडून आधी मेनू मागवा, मग प्लॅन काढा.

पहिल्याच कामाला मी माचियाचा अभ्यास करायला सांगते. माचिया म्हणजे क्योतोची जुनी लाकडी घरं, पुढे दुकान मागे घर, रस्त्याकडे अरुंद आणि आत लांबच लांब, इतकी की त्यांना "ईल माशाचं अंथरूण" म्हणतात. आपल्याकडे भाड्याने मिळणारे गाळे पण असेच असतात, बारा फूट रुंद आणि चाळीस-पंचेचाळीस फूट खोल. अशा घरात मागच्या खोल्या अंधाऱ्या होऊ नयेत म्हणून मधेच एक छोटंसं अंगण सोडतात, त्याला त्सुबोनिवा म्हणतात, एखादं झाड, दगडाचा दिवा, पाण्याचं दगडी भांडं, खाली शेवाळ. आपल्या वाड्यातला चौक आठवा, फक्त खूप लहान केलेला. तुमच्या गाळ्यात वरून आभाळ नसेल तरी मधे चार बाय सहा फूट जागा रिकामी ठेवून तिथे खडी, एक मोठा दगड आणि एक खरं झाड ठेवलंत तर गाळ्याचे पुढचा भाग आणि मागचा भाग असे दोन जीव तयार होतात. मालक म्हणेल इथे चार माणसांचं एक टेबल बसलं असतं. बसलं असतं, पण त्या रिकाम्या जागेभोवतीच्या तीन टेबलांना जे मिळतं ते त्याला स्केच काढून दाखवा, बहुतेक वेळा पटतं.

२. मापं: आपल्या सुताराला हे आधीच येतं

जपानी सुतारकामाचं जुनं माप शाकू, म्हणजे ३०.३ सेंटीमीटर. आपला फूट ३०.४८. म्हणजे जवळपास तेच! सहा शाकूंचा एक केन होतो, आणि तातामी चटई साधारण तीन फूट बाय सहा फूट (क्योतोची जरा मोठी, तोक्योकडची जरा लहान). खोलीचा आकारच किती तातामी यावर सांगतात, साडेचार तातामींची खोली म्हणजे नऊ फूट बाय नऊ फूट, चहाच्या विधीच्या खोलीचं हे नेहमीचं माप.

तर करायचं काय, तुमच्या प्लॅनवर तीन फुटांची जाळी आखा आणि शक्य तेवढं सगळं त्या रेषांवर आणा, खांब, पार्टिशन, काउंटरची टोकं, प्लॅटफॉर्म, सीलिंगच्या पट्ट्या. सहा बाय तीनचा प्लाय बाजारात मिळतो, वेस्टेजपण कमी होतं. आपले जुने मिस्त्री फूट-इंच-सूत यातच विचार करतात त्यामुळे त्यांना हे पटकन कळतं, मिलिमीटरचं ड्रॉइंग दिलं की उलट गडबड होते.

दुसरी रेष आडवी. जपानी खोलीत दारांच्या डोक्यावरची पट्टी सगळ्या खोलीभर एकाच उंचीवर फिरते. जुन्या घरात ती पावणेसहा फुटांच्या आसपास असते, आपण रेस्टॉरंटमधे सात फूट ठेवू, पण एकदा ठेवली की ती मोडायची नाही, दार, खिडकी, शेल्फ, एसीच्या ग्रिलची खालची कड, सगळं त्याच रेषेला. या एका रेषेने खोली किती शांत होते हे करून बघितल्याशिवाय कळत नाही.

३. बसून बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळेच ही गाळतात. आपण ड्रॉइंग उभ्या माणसाचं काढतो पण गिऱ्हाईक दीड तास बसलेलं असतं. खुर्चीवर बसलेल्याचा डोळा जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर असतो, जमिनीवर बसलेल्याचा जेमतेम अडीच फुटांवर. जपानी खोलीतल्या खिडक्या, चित्रं, दिवे, फुलं सगळं खाली का आलेलं असतं त्याचं कारण हेच आहे. त्यामुळे साइटवर प्लास्टिकचं स्टूल घेऊन जा, जिथे जिथे खुर्ची येणार तिथे तिथे बसा आणि समोर काय दिसतं ते लिहून काढा. टॉयलेटचं दार दिसतंय? किचनचा पास, म्हणजे पदार्थ बाहेर द्यायची खिडकी, दिसतेय? समोरच्या टेबलावरच्या माणसाशी थेट नजरानजर होतेय? प्रत्येक खुर्चीला नजर टेकायला एक जागा द्या, झाड, भिंतीचा पोत, शेफचे हात, काहीही, पण एकच.

बसायचे प्रकार सगळे मिसळा. काउंटरला माणशी दोन फूट तरी रुंदी द्या, जमलं तर सव्वादोन. खुर्च्यांची टेबलं जास्तीत जास्त ठेवा. आणि मालकाला जमिनीवरची बैठक हवीच असेल तर होरिगोतात्सु करा, म्हणजे टेबलाखाली खड्डा असतो आणि पाय खाली सोडून बसता येतं. आपल्याला पाटावर मांडी घालून बसायची सवय होती हे खरं, पण आज आजी-आजोबांचे गुडघे आणि जीन्स घातलेली मुलं, दोघांनाही दीड तास मांडी जमत नाही. स्लॅब खोदता येत नाही, म्हणून प्लॅटफॉर्म पंधरा-सोळा इंच उचला, त्यात पंधरा इंचाचा खड्डा, वर टेबलाचा टॉप प्लॅटफॉर्मपासून तेरा-चौदा इंचावर. चढायला मधे एक पायरी आणि तिच्या कडेला वेगळ्या रंगाचं लाकूड, नाहीतर लोक अडखळतात. खड्ड्यात एक छोटा दिवा द्या आणि तळ असा करा की उघडून झाडता येईल, भाताची शितं आणि टिश्यू तिथेच पडणार आहेत आणि मग झुरळं.

४. दार

दारातून सगळं रेस्टॉरंट एका नजरेत दिसलं तर आत यायची ओढच राहात नाही. एक वळण द्या, तीन फुटांचं का असेना. हे वळण कसं काम करतं ते पुण्यातल्या लोकांना सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात शिकता येईल. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते केलंय, दहा एकरांचं आहे, वाटेवरून चालताना प्रत्येक वळणावर पुढचं थोडं थोडं उघडत जातं. वही घेऊन जा आणि कुठे थांबावंसं वाटलं तिथे खूण करा.

दारावर नोरेन, म्हणजे उभ्या चिरा असलेला कापडी पडदा. तो शोभेचा नाहीये, दुकान उघडलं की बाहेर लावतात आणि बंद करताना आत घेतात, स्टाफला ही सवय लावा. जाड सुती कापड, निळीचा रंग, मधे रेस्टॉरंटचं चिन्ह. लांबी अशी की आत येणाऱ्याने हाताने बाजूला करावा किंवा मान किंचित लववावी. चहाच्या खोलीचं दार तर जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचं असतं, सरकतच आत जावं लागतं, सेन नो रिक्यू या सोळाव्या शतकातल्या चहा-गुरूच्या नावाशी ते जोडलेलं आहे. आत येताना सामुराई असो की व्यापारी, सगळ्यांनाच वाकावं लागायचं. तसलं दार रेस्टॉरंटला करायचं नाही हे उघड आहे, पण तो मान लववण्याचा क्षण नोरेनमधून मिळतो.

जमीन दारात दगडाची करा, आपला काळा बेसॉल्ट किंवा शहाबादी, पॉलिश न केलेला, आणि आत लाकडावर जाताना एक पायरी वर. पावसाळ्यात छत्र्यांसाठी खोल स्टँड आणि पाणी जायला जाळी. आणि पाहुणे यायच्या आधी दारात पाणी शिंपडायची जपानी पद्धत आहे, उचिमिझु म्हणतात. आपण सडा घालतो तेच. संध्याकाळी उघडायच्या आधी दहा मिनिटं ओल्या दगडाचा वास आणि चमक, याला एक रुपया लागत नाही.

५. उजेड

जुन्या जपानी घराचं छप्पर खूप पुढे आलेलं असतं, त्यामुळे ऊन थेट आत येत नाही. ते अंगणावर आणि लाकडी ओसरीवर पडतं, तिथून उसळून शोजीतून, म्हणजे लाकडी जाळीवर कागद लावलेल्या सरकत्या दारांतून, गाळून आत येतं, म्हणजे उजेड आडवा आणि खालून येतो, आणि छत अंधारात राहतं. आपण नेमकं उलटं करतो, पांढरं फॉल्स सीलिंग आणि त्यात चाळीस स्पॉटलाइट.

म्हणून सीलिंग गडद ठेवा. मी लाकडी पट्ट्यांची जाळी करते, एक इंच पट्टी एक इंच फट, आणि तिच्यावर काळं ध्वनिशोषक फेल्ट, त्यात डक्ट, स्प्रिंकलरचा पाइप, वायरिंग सगळं दिसेनासं होतं आणि आवाजही बसतो (लाकूड-दगडाच्या खोलीत फार घुमतं, हा मुद्दा विसरू नका). जमीन आणि टेबलं उजळ. दिवे २७०० केल्विन, म्हणजे पिवळसर उजेडाचे, सगळे सारखेच, एक जरी पांढरा बल्ब घुसला तरी डोळ्याला टोचतो. जेवणावर मात्र उजेड हवाच, मासा राखाडी दिसला तर शेफ तुम्हाला कधीच माफ करणार नाही, तेव्हा प्रत्येक टेबलावर अरुंद बीमचा एक दिवा, रंग नीट दाखवणारा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा. बाकी उजेड भिंतीवरून, शोजीच्या मागून, जमिनीजवळच्या आंदोन दिव्यातून (कागद लावलेल्या चौकटीतला दिवा). कागदाचे गोल दिवे आवडत असतील तर इसामु नोगुचीने १९५१ पासून गिफूच्या कंदील कारागिरांबरोबर केलेले दिवे बघा, बांबूची कामटी आणि कागद एवढंच. एक मोठा दिवा बारा लहानांपेक्षा बरा. आणि सगळं डिमरवर, तीन-चार वेगळ्या सर्किटांत.

शोजीच्या मागे एलईडी पट्टी लावताना पट्टी आणि कागद यात निदान चार-पाच इंच अंतर ठेवा, नाहीतर ठिपके दिसतात. आणि कागद जाळीच्या कुठल्या बाजूला? बाहेरच्या. म्हणजे खोलीत बसलेल्याला जाळी दिसते आणि बाहेरून सपाट कागद. ही चूक मी खूप ठिकाणी बघितलीये.

६. सामान: कागद, चटई, लाकूड, माती

इथे माझी एक गोष्ट सांगते. मुंबईतल्या एका कामात मी हौसेने खरा वाशी, म्हणजे जपानी कागद लावला, कोझो नावाच्या तुतीच्या जातीतल्या झाडाच्या सालीचा, हातचा, फेब्रुवारीत उद्घाटन, सगळे खूश. जुलैत मालकाचा फोन आला, कागद झोळ पडून सैल झाला होता आणि खालच्या रांगेत बुरशीचे काळे डाग होते, दोन चौकटींना मुलांची बोटं आरपार गेली होती ते वेगळंच. जपानमधे कागद अधूनमधून काढून नवा लावतात, ते घरातलं नेहमीचं कामच आहे, पण आपल्याकडे ते कोण करणार हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. सगळं स्वतःच्या खर्चाने बदललं. तेव्हापासून गिऱ्हाइकाचा हात पोचेल तिथे दोन बाजूंनी लॅमिनेट केलेला वाशी किंवा कागदाच्या पोताचं मॅट ॲक्रिलिक, आणि खरा कागद फक्त वर, दिव्यांमधे.

तातामीचं तसंच. इगुसा गवताचा वास अप्रतिम असतो, पण दमट हवेत त्याला बुरशी धरते. कागदाच्या दोरीची किंवा कृत्रिम धाग्याची विणलेली तातामी घ्या, आणि ती फक्त प्लॅटफॉर्मवर, चपला काढून बसायच्या जागी. खुर्चीच्या पायाखाली तातामी कधीच नाही.

लाकूड. हिनोकीचा, म्हणजे जपानी सायप्रसचा, काउंटर हे सगळ्यांचं स्वप्न, आणि आयात करणं परवडत असेल तर करा. नसेल तर ॲश, ओक किंवा आपला सागवान, पण रंग उजळ ठेवा आणि पॉलिशवाल्याला पहिल्या दिवशीच सांगा, चकाकी नको. तो हो म्हणेल आणि तरी थोडी चमक ठेवेल कारण त्याच्या मते तेच चांगलं काम, त्यात त्याचं काही चुकत नाही, म्हणून फूटभर नमुना करून सही करून भिंतीला लावून ठेवा. बांबू बाहेरून आणायची गरज नाही, सिंधुदुर्गाचा माणगा सरळ आणि भरीव असतो, फक्त बोरॅक्स-बोरिकमधे नीट ट्रीट केलेलाच घ्या नाहीतर वर्षभरात खाली पिवळी भुकटी पडायला लागते, म्हणजे भुंगा लागला. आणि थोडा घ्या. शंभर बांबू म्हणजे कुंपण होतं.

भिंतीला मी प्लास्टिक पेंट टाळते. जपानी घरात मातीचा गिलावा असतो, कापलेला पेंढा घालून, किंवा चुन्याचा. हे वाचून गावाकडची भिंत आठवली ना? चुना आणि माती हाताळणारे गवंडी अजून आहेत, शोधावे लागतात. आणि रंगाबद्दल एक फार सुंदर गोष्ट, क्योतोच्या जुन्या घरांच्या लाकडी जाळ्यांना जो विटकरी लाल रंग दिसतो त्याला बेंगारा म्हणतात आणि हे नाव आलंय "बंगाल"वरून! लोह ऑक्साइडचा रंग, म्हणजे आपल्या काव-गेरूचं भावंड. हा रंग पूर्वी बनवणारं फुकिया नावाचं गाव ओकायामा प्रांतात आहे, तोच ओकायामा ज्याच्यावरून पुण्याची बाग झाली. त्यामुळे कुणी मला लाल रंग हवाच म्हणालं तर मी चकचकीत लाल देत नाही, काव देते, एखाद्या जाळीला किंवा दाराच्या आतल्या बाजूला.

७. तोकोनोमा, आणि देवाची जागा

तोकोनोमा म्हणजे भिंतीतला एक उथळ कोनाडा, त्यात एक लटकवलेलं चित्र किंवा अक्षरं आणि खाली एक फुलदाणी. सगळ्या खोलीत सजावट एवढीच. ऋतूप्रमाणे बदलायची असते, तेव्हा स्टाफमधल्या एका माणसाचं नाव ठरवा जो दर आठवड्याला फूल बदलेल. तगर, मोगऱ्याची एक फांदी, भाद्रपदात तेरडा, पावसात नुसतं गवत, इथलंच घ्या, ऋतू दाखवायचा असेल तर इथला दाखवायचा. कृत्रिम फूल तिथे ठेवायचं असेल तर तोकोनोमा करूच नका.

मालकाला देव्हारा लागेलच, आणि डिझायनर लोक तो किचनच्या कोपऱ्यात लपवतात. जपानी दुकानांतही डोक्याच्या वर एक छोटं लाकडी देवघर असतं, कामिदाना म्हणतात. तेव्हा काउंटरच्या मागे, त्या सात फुटांच्या रेषेच्या वर, साध्या लाकडाचं शेल्फ करून गणपती मानाने तिथे बसवा, अजिबात विसंगत दिसत नाही.

८. हे करू नका

तोरी, म्हणजे ती लाल कमान, शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवळाचं दार आहे, बारच्या किंवा टॉयलेटच्या दाराला ती लावायची नाही. बुद्धाचं डोकं दारूच्या बाटल्यांमधे नको. भिंतीवर किमोनो टांगायचा असेल तर घालणाऱ्याची डावी बाजू वर यायला हवी, उजवी वर फक्त मृतदेहाला नेसवताना घेतात. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचलेला फोटो नको, तेही अंत्यविधीचं आहे. चिनी ड्रॅगन, चिनी गाठी नकोत. आणि नेटवरून कांजी अक्षरं उचलून भिंतीवर छापण्याआधी जपानी येणाऱ्याला दाखवा, पुण्यात जपानी शिकलेल्यांची कमी नाही, उलटं छापलेलं किंवा भलत्याच अर्थाचं अक्षर जपानी पाहुण्याला पहिल्या सेकंदाला दिसतं.

९. ताबा देण्याआधी

कागद, कापड, बांबू, पेंढा, सगळं जळणारं आहे. फायरची एनओसी मागतील तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आधीच कापड आणि लाकडाला आगरोधक ट्रीटमेंट करून सर्टिफिकेट फाइलला लावा, आणि कोळशाच्या ग्रिलपासून कागदाचं काहीही दूर ठेवा.

मालकाला एक पानभर मराठीत लिहून द्या: लाकूड ओल्या फडक्याने नाही, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं, तातामी विणीच्या दिशेने झाडायची, नोरेन महिन्यातून एकदा गार पाण्यात, त्सुबोनिवातली सुकी पानं रोज सकाळी. हे पान स्टाफच्या खोलीत चिकटवा.

मग सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी, न सांगता, शनिवारी संध्याकाळी साडेसातला गिऱ्हाईक म्हणून जाऊन मधल्या टेबलावर बसा. डिमर शंभरावर गेलेले असतील, त्सुबोनिवातल्या दगडावर कोणीतरी पाण्याचे जार ठेवलेले असतील, तोकोनोमात मेनूकार्डांचा गठ्ठा असेल. कुणावर रागावू नका. जार ठेवायला जागा दिली नव्हती हे तेव्हा कळतं, दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून दारामागे तेवढं शेल्फ करून घ्या.